‘स्काम’: घड्याळाच्या काट्यावर चालणारी मालिका

टीनएजर्सची मालिका खरी की बनावट, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. वर्गात बसलेल्यांचे चेहरे बघायचे. 1990 साली सुरू झालेल्या ‘बेव्हर्ली हिल्स, 90210’ या अमेरिकन मालिकेत शाळकरी अँड्रिया झालेल्या गॅब्रिएल कार्टेरिस तेव्हा 29 वर्षांच्या होत्या. यामागे साधा हिशेब असतो. कॅलिफोर्नियात शाळा सुरू असताना 16-17 वर्षांच्या कलाकाराकडून दिवसाला 6 तासच काम घेता येतं, वर 3 तास शिकवणी. पंचविशीतला नट घेतला की ही कटकट मिटते. पण मग पडद्यावर ना मुरमं दिसतात ना अवघडलेले खांदे, आणि सोळा वर्षांची पोरं वकिलासारखी मुद्देसूद भांडतात.

नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीची ‘स्काम’ (2015 ते 2017, चार सीझन) इथेच वेगळी पडते. ‘स्काम’ म्हणजे लाज. लेखन-दिग्दर्शन यूली आंडेम यांचं. कलाकार बहुतेक त्याच वयाच्या आसपासचे आणि तोवर फारसे कुणाला माहीत नसलेले. शाळाही ओस्लोतली खरीखुरी, हार्टविग निसेन. प्रत्येक सीझन एकाच्याच नजरेतून: आधी एव्हा, मग नूरा, इसाक आणि साना.

खरी करामत मात्र प्रसारणात होती. सोमवारी सकाळी घडणारा प्रसंग वेबसाइटवर सोमवारी सकाळीच यायचा, रात्रीचं भांडण रात्रीच. मधल्या वेळात पात्रांचे चॅट आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट. आठवडाभराच्या क्लिप जोडून शुक्रवारी एपिसोड. म्हणजे इसाकच्या मेसेजला उत्तर आलं नाही, तर प्रेक्षकही त्याच्याइतकाच वेळ ताटकळत बसायचा. मुलांना आपलंसं करायला इतर मालिका त्यांचे शब्द उचलतात आणि दोन वर्षांत शिळ्या होतात. हिने त्यांचं वाट पाहणं उचललं. सुरुवातीला जाहिरातही मुद्दाम केली नाही. आईबाबांनी ‘ही बघ, तुझ्यासाठी चांगली आहे’ म्हटलं की मालिका संपलीच, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिसरा सीझन सर्वांत सरस. इसाक आणि एव्हन पहिल्यांदा भेटतात ते शाळेच्या बाथरूममध्ये. एव्हन पेपर टॉवेल ओढत सुटतो, डबा रिकामा होईपर्यंत. इसाक नुसता बघत राहतो. संवाद जेमतेम, ओळख वाढवायचा बहाणा मात्र शंभर टक्के त्या वयाचा.

दुसऱ्या सीझनमध्ये गाडी घसरते. नूरा नाही म्हणत असताना विल्यमचं मागे लागणं शेवटी प्रेम म्हणून खपवलंय. मुलींना शहाणं समजणाऱ्या मालिकेत हे खटकतंच. चौथ्यात सानाची गोष्ट नीट मुरायच्या आधीच शेवटाला कॅमेरा इतर पात्रांकडे वळतो. निरोपाचा कार्यक्रम छान, पण सानावर अन्याय.

आता बघताना एक पथ्य पाळा: अख्खा सीझन एका रात्रीत संपवू नका. तसं केलं तर पात्रं उगाचच रडकी वाटतात, कारण त्यांनी काढलेले दिवस तुम्ही दोन सेकंदांत ओलांडलेले असतात. पडद्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत वार आणि वेळ येते; ‘फ्रेडाग’ म्हणजे शुक्रवार. वार बदलला की थांबा, रोज एकदोन क्लिप पुरे. दुसरं, सबटायटल निवडताना फोनवरचे मेसेजही भाषांतरित केलेत का ते तपासा. नुसते बोललेले संवाद असतील तर तिसऱ्या सीझनची निम्मी गोष्ट हातून जाते, कारण ती फोनवरच घडते.

पहिल्या सीझनमध्ये मुली एका बसवरून एवढ्या का तणतणतात, हेही आधी माहीत असलेलं बरं. नॉर्वेत शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुलं ‘रुस’ म्हणवतात. 17 मे या राष्ट्रीय दिनापर्यंत त्यांचा धुडगूस चालतो, रंगीत डांगऱ्या घालून. त्यासाठी गट करून बस घेतात आणि जमवाजमव कितीतरी आधीपासून सुरू होते. कुठल्या बसमध्ये जागा मिळाली यावर शाळेतली पत ठरते. म्हणून ज्यांना कुणीच घेत नाही अशा पाच जणी स्वतःची बस काढायला निघतात, तिथून पुढचं सगळं सुरू होतं.