द्राक्षबागेतल्या पीसीवर डब्ल्यूव्हीडायल आणि पीपीपीडी: छाटणीपासून माल उतरेपर्यंतचा अनुभव

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या शेडमध्ये जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय आणि त्याला हवामान यंत्र जोडलंय. आर्द्रता किती, पान किती वेळ ओलं राहिलं, हे आकडे रात्रीच सांगलीत घरी पोचले तर सकाळी डाऊनी या बुरशी रोगाची फवारणी घ्यायची की थांबायचं ते ठरतं. शेडपर्यंत केबल नाही, म्हणून जुना यूएसबी डोंगल (सिम घालायचा छोटा मोडेम) आणि नंबर फिरवून इंटरनेट जोडायचं डायल-अप. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत हेच चालवलं.

सुरुवातीला डब्ल्यूव्हीडायल हा नंबर फिरवून जोडणी करून देणारा प्रोग्राम वापरा. मोडेमशी चाललेलं सगळं बोलणं तो स्क्रीनवर दाखवतो, त्यामुळे घोडं कुठं अडलंय ते लगेच कळतं. त्याच्या सेटिंगमध्ये नंबर *99#, सिमचा एपीएन (कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव), आणि युजरनेम-पासवर्डच्या जागी कुठलाही शब्द. रिकामं चालत नाही. 'स्टुपिड मोड' 1 करा. मोबाईल मोडेम लॉगिन विचारतच नाही, त्यामुळे त्याची वाट न बघता पीपीपी (फोन लाइनवरून इंटरनेट चालवायची पद्धत) लगेच सुरू झालेलं बरं.

डोंगल लावल्यावर पोर्टच दिसत नसेल तर तो सीडी ड्राइव्ह बनून बसलेला असतो. यूएसबी-मोडस्विच टाकलं की मोडेम होतो. पोर्ट दिसतो पण 'बिझी' सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा मोडेममॅनेजर हा मोडेम आपोआप सांभाळणारा प्रोग्राम त्यावर बसलेला असतो. शेडमधल्या पीसीवर मी तो कायमचा बंद केला.

खरा त्रास झाला तो रात्रीचा. टॉवरची वीज गेली की लाइन तुटायची, आणि वीज आल्यावरही सकाळपर्यंत जोडणी बंदच. तोवर मी डब्ल्यूव्हीडायल सोडून थेट पीपीपीडी (पीपीपी जोडणी चालवणारा प्रोग्राम) आणि चॅट स्क्रिप्टवर (मोडेमला द्यायच्या आज्ञांची यादी) आलो होतो, लाइन तुटली की पुन्हा जोडणारं 'पर्सिस्ट'ही लावलं होतं. मग मॅन्युअल नीट वाचलं. 'मॅक्सफेल', म्हणजे सलग किती अपयशांनंतर थांबायचं तो आकडा, मुळात 10 असतो आणि दोन प्रयत्नांमधला 'होल्डऑफ', म्हणजे थांबा, 30 सेकंदांचा. म्हणजे सलग 10 वेळा लागलं नाही की पीपीपीडी कायमचा बंद, तेही थोड्या मिनिटांत. आपल्याकडची वीज एवढ्यात कुठली यायला! मॅक्सफेल 0 (म्हणजे मर्यादाच नाही) केल्यावर तो प्रश्न मिटला.

दुसरं दुखणं याहून फसवं. जोडणी चालू दिसते, पण आकडे येत नाहीत. समोरची बाजू गप्प झालीय हे पीपीपीडीला आपोआप कळत नाही. एलसीपी-एको-इंटरव्हल 30 (दर 30 सेकंदांनी समोरच्याला हाक) आणि एलसीपी-एको-फेल्युअर 4 (चार हाकांना उत्तर नाही तर लाइन मेली) ठेवलं. आता साधारण दोन मिनिटांत तो मेलेली लाइन ओळखतो आणि पुन्हा डायल करतो. माणूस जवळ नसलेल्या ठिकाणी या दोन ओळी हव्यातच.

लॉग, म्हणजे पीपीपीडीनं लिहून ठेवलेली नोंद, वाचायची सवय लावा. एक्झिट कोड (बंद होताना दिलेला कारणाचा आकडा) 8 म्हणजे चॅट स्क्रिप्ट फसली, 16 म्हणजे मोडेमनं लाइन सोडली, 19 म्हणजे आपली ओळख समोरच्यानं मानली नाही. 8.8.8.8 ला पिंग (पोचतंय का ते बघायची चाचणी) जातो पण नावानं साइट उघडत नाही, तर नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता समोरून मागणारं 'यूजपीअरडीएनएस' लावलंय का बघा.

एक वर्षही न झालेल्या सॉफ्टवेअरपेक्षा मला हे जुनं जास्त भरवशाचं वाटतं. पीपीपीचं प्रमाण 1994 चं आहे, तरी अडलेलं कारण लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं मिळतं. फक्त नवा 4जी डोंगल घेणार असाल तर आधी लावून बघा. बरेचसे थेट नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. त्यांना पीपीपीडी लागतच नाही.