नाशिक पासपोर्ट सेवा केंद्र: आईचा पासपोर्ट रिन्यू केला, त्याचा अनुभव

आधी थेट सांगते, नाशिकमध्ये पासपोर्ट काढायला किंवा रिन्यू करायला एजंट लागत नाही. खरंच नाही लागत. आपल्याकडचं पासपोर्ट सेवा केंद्र चांगलं आहे, माणसं नीट बोलतात, आत गेलं की काम पुढं सरकत राहतं. अडतं ते कागदांवर, आणि ते घरी बसूनच निस्तरायचं असतं, म्हणून या रिव्ह्यूत केंद्राबद्दल कमी आणि तिथं जायच्या आधीचं जास्त आहे.

ताई जर्मनीत असते, तिचं बाळंतपण जवळ आलंय, आईला जायचंय. आईच्या पासपोर्टची मुदत संपायला अजून काही महिने होते म्हणून घरात सगळे निवांत, "चालू आहे की अजून". पण तसं चालत नाही हो. शेंगेनवाल्या देशांना (म्हणजे जर्मनीसकट युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) आपण तिथून निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने पासपोर्ट चालू लागतो, तो मागच्या १० वर्षांत दिलेला लागतो आणि दोन पानं कोरी लागतात. दुबई, सिंगापूर, थायलंडला जाणार असाल तर ६ महिने धरूनच चाला. शिवाय व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबर टाकावा लागतो, म्हणजे सगळ्याच्या आधी हेच काम. मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून रिइश्यूचा (आपण ज्याला रिन्यू म्हणतो त्याचा) अर्ज करता येतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून तारखा बघा.

आता खरा मुद्दा, नाव. आपल्याकडे बायकांच्या नावाचा जो गोंधळ असतो ना तो पासपोर्टला सगळा वर येतो. आईच्या जुन्या पासपोर्टवर तिचं नाव, मग पप्पांचं नाव, मग आडनाव असं पूर्ण, आधारवर मधलं नाव गायब, पॅनवर पप्पांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आणि बँकेच्या पासबुकवर अजून तिसरंच काहीतरी. रोजच्या व्यवहारात कोणी विचारत नाही, पण इथं काउंटरवर एक एक अक्षर बघतात, आणि बघायलाच पाहिजे, कारण पुढे व्हिसा आणि विमानाचं तिकीट त्याच नावावर निघतं. आम्ही आधी आधार दुरुस्त करून घेतलं, पासपोर्टवर आहे तसंच नाव आधारवर आणलं, मग अर्जाला हात लावला. एक लक्षात ठेवा, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधार सेंटरवर पावती हातात आली की स्पेलिंग तिथंच उभं राहून वाचायचं, घरी येऊन नाही.

दुसरं म्हणजे फॉर्ममधला 'बदल' वाला भाग. रिइश्यूचं कारण निवडताना मुदत संपतेय एवढ्यावर टिक करून लोक पुढे जातात. त्याच्या खाली विचारलेलं असतं की पत्ता, सही, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, यातलं काही बदललंय का. आम्ही जुन्या नाशकातला वाडा सोडून इंदिरानगरला आलो त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे पत्त्यावर टिक. आणि आईच्या जुन्या पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा) शिक्का होता, ती दहावी नाहीये म्हणून, पण वय ५० च्या पुढे गेलं की तो काढून मिळतो, त्यावरही टिक. ओळखीतल्या एका काकूंचा फॉर्म सायबर कॅफेवाल्यानं भरला, पैसे पण चांगले घेतले, आणि पत्ता बदललेला असून 'काही बदल नाही' असं टाकून दिलं, मग काकूंना परत यावं लागलं. म्हणून म्हणते, फॉर्म स्वतः भरा, येत नसेल तर घरातल्या पोरांना शेजारी बसवा. दहावीतलं पोरगंही भरू शकतं इतका तो सोपा आहे.

साईट मात्र खरीच उघडा. गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या नकली साईट वर येतात आणि जास्तीचे पैसे कापतात. खऱ्या साईटच्या पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन असतं, नाहीतर सरळ एमपासपोर्ट सेवा ॲप घ्या. मोठ्या माणसाची फी ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानांच्या २०००. तत्काळला वर अजून २०००. यापलीकडे कोणी काही मागत असेल तर ते त्याचं स्वतःचं.

केंद्रावर गेलो तो दिवस एकदम सरळ गेला. दारात अपॉइंटमेंटचा कागद आणि ओरिजिनल बघतात, मग टोकन. आत ए, बी, सी असे तीन टप्पे. ए ला टीसीएसची पोरंपोरी बसतात, कागद स्कॅन करतात, बोटांचे ठसे आणि फोटो तिथंच घेतात, त्यामुळे मोठ्या माणसांनी फोटो काढून न्यायची गरज नाही (लहान, ४ वर्षांच्या आतल्या बाळाचा मात्र पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो न्यावा लागतो). बी आणि सी ला सरकारी अधिकारी, एक कागद तपासतो, दुसरा मंजुरी देतो. आईच्या बोटांचे ठसे पटकन येत नव्हते, आयुष्यभर भांडी-धुणी केलेली बोटं ती, तर ए काउंटरवरच्या मुलीनं दोनतीनदा हात पुसायला लावून, "काकू, घाई नाही, निवांत ठेवा बोट" म्हणत शांतपणे घेतले. मला ते फार आवडलं. सरकारी कामाला आई नेहमी घाबरून असते, तिथून बाहेर पडताना ती हसत होती. बी ला जुन्या पासपोर्टच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स मागतात, प्रत्येकीवर स्वतःची सही हवी, ती घरूनच करून न्या.

पत्ता बदललेला असल्यानं पोलीस व्हेरिफिकेशन लागलं. पोलीस ठाण्यातून फोन आला, कागद बघितले, शेजारच्या दोघांची नावं आणि नंबर घेतले, झालं. याला वेगळी फी नसते हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पप्पांसारखे ते पाकीट तयार ठेवतात. आणि फोन चालू ठेवा, अनोळखी नंबर आहे म्हणून कापू नका.

पुस्तिका स्पीड पोस्टनं घरी येते. कव्हरवर खाली छोटं सोनेरी चिपचं चिन्ह, म्हणजे ई-पासपोर्ट. आणि ही गोष्ट मला सगळ्यांना सांगाविशी वाटते, देशभरातल्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये! गल्लीतले कितीतरी काका तिथून रिटायर झालेत. दिल्लीचा असो की केरळचा, पासपोर्ट हातात घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात नाशिकच्या कामगारांचं काम असतं. आईला हे सांगितलं तर तिनं पुस्तिका परत उघडून पानन् पान बघितलं.

जाता जाता थोडं किरकोळ. अपॉइंटमेंट वर्षभरात तीनदाच बदलता येते, उगाच पुढे ढकलू नका. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ वय होईपर्यंत, जे आधी येईल ते, आणि आईवडील दोघांच्या सह्यांचा ॲनेक्शर डी (पालकांनी लिहून द्यायचा फॉर्म) लागतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही, तेव्हा महापालिकेतून दाखला घेताना बाळाचं नाव घालूनच घ्या. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात, त्यात कुठला चालू व्हिसा असेल तर तो नव्यासोबत जपून ठेवा. काही अडलं तर १८००२५८१८०० हा टोल फ्री नंबर आहे.