आल्काट्राझ की ईस्टर्न स्टेट? कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहताय, बंद पडलेल्या तुरुंगाचे आतून फोटो काढायची इच्छा आहे आणि दिवस एकच हाताशी आहे, तर बहुतेक जण डोळे मिटून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावरच्या आल्काट्राझ तुरुंगाचं तिकीट काढतात. नाव घरोघरी पोचलेलं आहे ना! मी मात्र फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी या जुन्या तुरुंगाकडे बोट दाखवेन. कारण एकच, तिथला उजेड.

१८२९ साली हा तुरुंग सुरू झाला तेव्हा कैद्याने एकटं राहावं, कुणाशी बोलू नये आणि पश्चात्ताप करावा, अशी कल्पना होती. त्यासाठी वास्तुविशारद जॉन हॅविलंडने कोठड्यांच्या छतातच झरोके ठेवले. वरून येणारा तेवढाच उजेड, जणू देवाची नजर. १९७१ साली तुरुंग बंद झाला, पुढे कित्येक वर्षं नुसता पडून राहिला, आत झाडं वाढली. १९९४ पासून लोकांना रोज पाहता येऊ लागला तरी त्याला नवा कोरा केलेला नाही. पडझड थांबवली आणि बरंचसं जसं होतं तसं ठेवलं. त्यामुळे भिंतींचे पोपडे, गंजलेली दारं, मोडका पलंग आणि त्यावर वरून उतरलेला उजेडाचा पट्टा, हे सगळं एकाच चौकटीत मिळतं.

हा उजेड पकडणं सोपं नाही. झरोका आणि कोपऱ्यातला काळोख एका फोटोत मावत नाहीत. मी झरोक्याचा उजेड पांढराफट होऊन जळणार नाही इतपत एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) ठेवतो, रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढतो आणि सावल्या घरी येऊन उजळतो. कॅमेरा कुठे स्थिर टेकवता आला, तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घेऊन जोडणं जास्त चांगलं. कोठड्यांसाठी लख्ख ऊन हवं. लांबच लांब कमानदार बोळांसाठी उलट ढगाळ दिवस बरा. सातव्या विभागात दोन मजली कोठड्या आणि वर चर्चसारखं उंच छत आहे. तिथे अगदी मधोमध उभं राहा आणि कॅमेरा पातळीत धरा, जरा कलला की सगळ्या कमानी बिघडतात. कुप्रसिद्ध गुंड अल कपोनच्या कोठडीपाशी मात्र वेळ घालवू नका. ती सामानाने सजवून दाखवलेली आहे आणि समोर कायम गर्दी.

मधल्या गोलातून चक्राच्या आऱ्यांसारखे फुटलेले हे विभाग पाहिले की मला अंदमान आठवतं. सावरकरांना १९११ पासून जिथे ठेवलं, त्या सेल्युलर जेललाही मध्ये मनोरा आणि भोवती सात लांब इमारती होत्या. आज तीनच उरल्यात. त्या आठवणीने कॅमेरा डोळ्याला लावताना हात जरा जड होतो.

आल्काट्राझचा बाज वेगळा. १९३४ ते १९६३ हा संघीय तुरुंग होता, आता राष्ट्रीय उद्यान सेवा तो सांभाळते. एकावर एक तीन मजले, पाच फूट रुंद आणि नऊ फूट लांब कोठड्या, मधल्या रस्त्याला कैद्यांनी दिलेलं नाव ‘ब्रॉडवे’. इथे पडझडीपेक्षा गजांची पुनरावृत्ती हाच विषय. लांब पल्ल्याची लेन्स लावली की ओळी एकमेकींना चिकटतात आणि चित्र घट्ट होतं. जेवणाच्या दालनात मोठ्या गजाच्या खिडक्या आहेत, तो भाग चुकवू नका. दिव्यांचा आणि छतातून येणारा उजेड मिसळतो, त्यामुळे रंग बिघडतात, मी इथले बरेच फोटो कृष्णधवल करतो. खरी अडचण माणसांची: कानाला हेडफोन लावलेले घोळके सरकतच राहतात. जून १९६२ मध्ये पळालेल्या कैद्यांनी पहारेकऱ्यांना फसवायला अंथरुणात ठेवली तशी नकली डोकी मांडलेल्या कोठड्यांसमोर तर मोकळी जागा मिळणं कठीण. आल्काट्राझच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे, ती म्हणजे खाडीपलीकडे दिसणारं शहर. कैद्यांनाही ते दिसत होतं, आणि अंगणातून तो फोटो काढताना ते जाणवतं. ईस्टर्न स्टेटच्या उंच भिंतींआडून असं काही दिसत नाही.

ट्रायपॉडचे नियम दोन्हीकडे बदलत असतात. निघण्याआधी विचारा, पण हातातच कॅमेरा धरावा लागेल असं समजून तयारी करा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि एक वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स पुरते; आल्काट्राझला लांब पल्ल्याचीही सोबत घ्या.

न्यू जर्सीतून ईस्टर्न स्टेट गाडीने एका दिवसात सहज होतं. तुम्ही कॅलिफोर्नियातच असाल आणि आल्काट्राझच ठरलं असेल, तर सकाळची पहिली बोट धरा आणि उतरल्यावर कुठेही न रेंगाळता टेकडी चढून थेट कोठड्यांच्या इमारतीत शिरा. ब्रॉडवे रिकामा मिळाला तर तेव्हाच मिळेल.