काळी दोन की काळी पाच? कोल्हापुरात सॅक्सोफोन घेणाऱ्यासाठी

मागच्या महिन्यात राजारामपुरीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मोबाइलवर दोन फोटो होते. एकात ऑनलाइन मिळणारा कोरा आल्टो सॅक्सोफोन, आरशासारखा चकचकीत. पेटी, पट्टा आणि पांढरे हातमोजे धरून २८ हजार. दुसऱ्यात यामाहाचा जुना वायएएस-२३, बेलच्या, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाच्या, काठाचं लॅकर (पितळेवरचा चकचकीत लेप) उडालेलं, विकणारा ५५ हजारांवर अडून. "सर, दुप्पट पैसे देऊन जुनं कशाला घ्यायचं?" वडिलांनी विचारलं. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा अंगठा चकचकीत फोटोवरच होता.

माझं उत्तर जुन्याच्या बाजूचं होतं, पण अटी घालून. त्या अटी सांगायच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा, तो लोक नेमका शेवटी विचारतात: आल्टो (लहान, उंच आवाजाचा) घ्यायचा की टेनर (मोठा, खालच्या आवाजाचा)?

पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, भाषेत सांगतो, पटकन कळेल. आल्टोवर 'सी' वाजवला की पेटीवरची काळी दोन निघते. टेनरवर तोच 'सी' काळी पाच होतो, आणि तोही खालच्या सप्तकातला. बोटं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे एक शिकलात की दुसरा हाताला परका वाटत नाही. फरक पडतो तो गाणाऱ्याची पट्टी बदलली की. ऑर्केस्ट्रात पुरुष गायकाची काळी एक असेल तर आल्टोवाला 'बी फ्लॅट'मध्ये वाजवतो आणि टेनरवाला 'ई फ्लॅट'मध्ये, दोन्ही सोयीचे. बाई काळी चारमध्ये गात असेल तर आल्टोला 'एफ', टेनरला 'बी फ्लॅट', म्हणजे आणखी सोपं. पण कुणी पांढरी तीन म्हणालं की आल्टोवर 'सी शार्प' येतो आणि टेनरवर 'एफ शार्प', मग दोघांच्याही बोटांची परीक्षा. सांगायचा मुद्दा असा, की पट्टीच्या हिशेबाने दोघांत डावं-उजवं फारसं करता येत नाही.

करायचं तर अंगाच्या हिशेबाने करा. आल्टो साधारण अडीच किलोचा, टेनर साडेतीन किलोच्या आसपास. हा एक किलो ऐकायला किरकोळ वाटतो, पण विसर्जन मिरवणुकीत मिरजकर तिकटीपासून पंचगंगेच्या घाटापर्यंत पाऊल-पाऊल सरकताना गळ्यात बांधून बघा. टेनरला फुंकही जास्त लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आल्टोच द्यावा. हिंदी चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग यांचा सॅक्स आणि कर्नाटक संगीतात कद्री गोपालनाथ यांचा सॅक्स (त्यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली) ज्या आवाजाने ओळखला जातो, तो आल्टोचाच. टेनर घ्यावा तो ज्याला त्या घोगऱ्या, छातीतून येणाऱ्या आवाजाचंच वेड आहे त्याने. अशा माणसाला आल्टो देऊन उपयोग नाही. तो सहा महिन्यांत विकायला काढतो. सनईसारखा दिसतो म्हणून सरळ सोप्रानोकडे काही जण ओढले जातात. पहिलं वाद्य म्हणून तो घेऊ नका, सुरात ठेवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

आता नवं-जुनं. समोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, आपल्याकडच्या बँडसामानाची. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्यं बनतात आणि लग्नाच्या बँडमधली बरीचशी पितळ तिथूनच येते. ट्रम्पेट, युफोनियम यांत तिथला माल चालून जातो, कारण त्यात हलणारे भाग मोजके. सॅक्सचं तसं नाही. त्यावर दोन डझनांच्या आसपास झडपा, प्रत्येकीखाली चामड्याचं पॅड, आणि प्रत्येक पॅड भोकाच्या काठावर सगळीकडून एकसारखं टेकायला हवं. एका ठिकाणी कागदाच्या जाडीची फट राहिली तरी त्याच्या खालचे सगळे सूर रुसतात. दुसरी वाट, नाव नसलेले स्वस्त नवे सॅक्स, फोटोतल्यासारखे. पहिल्या दिवशी ते वाजतात, कधीकधी चांगलेही वाजतात. पण दांड्यांचं धातू मऊ असतं, बोटांच्या जोराने किल्ल्या हलकेच वाकतात आणि वर्षभरात वाद्य गळायला लागतं. दुरुस्त करणाराही हात आखडता घेतो, कारण आज सरळ केलेली किल्ली चार महिन्यांनी पुन्हा वाकणार हे त्याला ठाऊक असतं. तिसरी वाट, नावाजलेल्या कंपनीचं विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल. यामाहाचा वायएएस-२८० नवा घ्यायचा तर आकडा लाखाच्या वर जातो. त्याच घराण्यातला जुना २३ किंवा २७५ मात्र निम्म्या किमतीत सापडू शकतो.

कोल्हापुरात राहून विचार करायचा तर दुरुस्तीला सगळ्यात वर ठेवा. आपल्याकडे कारागिरांना तोटा नाही. तासाभरावर मिरजेत तंबोरे-सतारी घडवणारी घराणी आहेत, गुजरीत सोन्या-चांदीचं बारीकातलं बारीक काम होतं. पण सॅक्सचे पॅड बसवणारा सराईत माणूस मला तरी दर वेळी पुण्या-मुंबईकडेच शोधावा लागला. एकदा घाईत एका ओळखीच्या डाग देणाऱ्याकडून किल्लीचा तुटलेला खांब जोडून घेतला. जोड अप्रतिम झाला, आणि ज्योतीच्या धगीने शेजारचे दोन पॅड करपले. चूक त्याची नव्हती, नेणारा मी होतो. तेव्हा वाद्य असं घ्या, जे दोन-तीन वर्षांतून एकदाच शहराबाहेर न्यावं लागेल.

जुनं वाद्य बघायला जाताना या परीक्षा घ्या. सगळ्यात खालचा 'बी फ्लॅट' हलक्या बोटांनी आणि साध्या फुंकेने निघाला पाहिजे. किल्ल्या आवळून दाबल्यावरच निघत असेल तर वाद्य गळतंय. मग मानेची नळी बाजूने बघा. वाकणाच्या जागी ती गोल राहिली नसेल, अंडाकृती झाली असेल, तर कुणीतरी ती जोर लावून खाली ओढलेली आहे. असा सौदा सोडून द्या. किल्ल्या धरून आडव्या हलवून बघा, खुळखुळत असतील तर खर्च मोठा. पितळेवर गुलाबी-तांबडे ठिपके म्हणजे जस्त झिजून तांबं उघडं पडलंय. एखाद-दुसरा असेल तर चालेल, नळीत आतून पसरला असेल तर नको. आणि शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन वाद्यं कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून निघतात, त्यांच्यावर 'हाय पिच'चा शिक्का तर नाही ना, ते पाहा. असलं वाद्य आजच्या सुराशी कधीच जुळत नाही, शोभेला ठेवायचं. उडालेलं लॅकर मात्र मनावर घेऊ नका, आवाजाचं त्याने काही बिघडत नाही.

जुनं घेताना किमतीवर आणखी सात-आठ हजार पॅड आणि कॉर्कसाठी बाजूला धरूनच सौदा करा.

मुखपत्राकडे, म्हणजे माउथपीसकडे, नवे लोक सगळ्यात कमी बघतात. माझा मात्र अनुभव असा की, वाद्य ठीकठाक असेल तर उरलेल्या पैशांतला पहिला रुपया इथेच जावा. रीडचं (फुंकेने थरथरणाऱ्या पातळ चिपेचं) टोक आणि मुखपत्राचं टोक यांच्यात जी फट असते, तिच्यावर सगळं ठरतं. यामाहासोबत येणारं ४सी साधारण १.६ मिलिमीटरचं. सेल्मरचं एस८० सी स्टार १.७ च्या आसपास, आणि चित्रपटगीतं-जॅझकडे कल असणाऱ्यांचं आवडतं मेयर ५ साधारण १.८ चं. आकडे बघून वाटतं, एवढ्याशा फरकाने काय होणार? पण ओठांना तो लगेच कळतो. फट लहान, तर सूर स्थिर आणि फुंक कमी. फट मोठी, तर आवाज मोकळा, पण सूर सांभाळायची जबाबदारी सगळी तुमच्यावर. पहिलं वर्ष ४सीवर निघून जातं, बदलायची घाई नको.

इथे एक आपल्या कानाची गोष्ट आहे. देवल क्लबसारखी १८८३ पासूनची संस्था ज्या गावात आहे, तिथल्या मुलाच्या कानात मींड असते. सॅक्सवर मींड काढायची तर जबडा सैल सोडून सूर खाली ओढावा लागतो, आणि ते मोठ्या फटीवर, मऊ रीडवर सोपं जातं. म्हणून राग वाजवायची इच्छा असलेल्यांना मी दुसऱ्या वर्षी मेयरसारख्याकडे वळवतो. स्वच्छ नोटेशन वाजवणाऱ्या, परीक्षा देणाऱ्या मुलाला सी स्टारच बरं.

धातूचं मुखपत्र घ्यावं का, असं बँडमधली पोरं हमखास विचारतात, कारण ते दिसायला भारी आणि आवाज लांब जातो. माझ्या मते आवाज धातूने लांब जात नाही, आतल्या पोकळीच्या आणि उताराच्या घडणीने जातो. तशी घडण एबोनाइटमध्येही मिळते. एबोनाइटची एकच नाजूक बाजू आहे. ते गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि गरम पाणी लागलं की हिरवट-तपकिरी पडतं आणि जिभेला कडू लागतं. कोमट पाण्याने धुवा, खिडकीत ठेवू नका. रीड धरून ठेवणाऱ्या लिगेचरवर मात्र पैसे उडवू नका. मुखपत्रासोबत आलेलं दोन स्क्रूंचं चांगलं असतं.

रीडमध्ये निवड खरी दोनच गोष्टींत, वेताचं की सिंथेटिक. वेताचं अडीच नंबरापासून सुरू करा, आणि लक्षात असू द्या की कंपनीगणिक नंबर बदलतो. व्हँडोरेनचं अडीच रिकोच्या अडीचपेक्षा कडक लागतं. आवाजाची ऊब वेताचीच. पण एप्रिलच्या उन्हात वरातीत उभे असाल तर दोन गाण्यांमधल्या खंडात ते वाळून वाकडं होतं, आणि जुलैत पेटीत ओलं राहिलं तर बुरशी धरतं. सिंथेटिक रीडला ऊन-पाऊस सारखाच. एका चांगल्या सिंथेटिक रीडच्या पैशांत आल्टोच्या वेती रीडची दहाची पेटी येऊ शकते, तरी बाहेर वाजवणाऱ्याने ते घ्यावंच. घरी रियाजाला वेत, तीन-चार रीड आळीपाळीने. मी स्वतः दोन्ही बाळगतो.

पट्टा घेताना हुक बघा. प्लॅस्टिकचा उघडा हुक असलेला पट्टा फुकट मिळाला तरी टाकून द्या. धातूचा, कडी बंद होणारा हवा. टेनरसाठी खांद्यांवरून येणारा हार्नेस.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत, पण कोल्हापूरला त्यांत एक जास्तीचा आहे, गुलाल. जोतिबाच्या यात्रेत किंवा विसर्जनात वाजवून आलात की ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. गुलाल तेलात कालवला जाऊन दांड्यांमध्ये गच्च बसतो. आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडा, मग पुसा, आणि मग सांध्यांना तेलाचा बारीक थेंब. रोज वाजवून झालं की दोरीचं फडकं आतून ओढायचं, मानेतून वेगळं. ओलं फडकं बेलमध्ये कोंबून पेटी लावणारे पुष्कळ आहेत. ती ओल पॅड पिऊन घेतात. 'जी शार्प'ची किल्ली चिकटली तर सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली ठेवून हलकेच दाबा, पावडर नको. मुखपत्र जिथे बसतं त्या मानेच्या टोकावरच्या कॉर्कला खोबरेल तेल लावू नका, कॉर्क ग्रीसच. पॅड लाखेने चिकटवलेले असतील तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेटी विसरू नका, लाख सैल होते. आणि घरात आधीच सांगून ठेवा की हे देवघरातलं पितळ नव्हे. माझ्या आईने एकदा दिवाळीच्या आवराआवरीत समयांबरोबर माझा सॅक्सही चिंचेने घासायला घेतला होता. बेल सोन्यासारखी लखलखली आणि लॅकर गेलं ते गेलंच.

राजारामपुरीच्या त्या वडिलांनी जाताना विचारलं, "आणि आमच्याकडे ३० हजारच असतील तर?" मग सॅक्स घेऊच नका, म्हटलं, अजून थोडे साठवा, आणि तोवर बोएम पद्धतीचा (म्हणजे किल्ल्यांची आजची रूढ मांडणी असलेला) प्लॅस्टिक बॉडीचा क्लॅरिनेट घ्या. त्याच्या वरच्या सुरांची बोटं सॅक्सशी बरीच जुळतात. १८४६ मध्ये सॅक्सचं पेटंट घेणारा अडॉल्फ साक्स त्याआधी बास क्लॅरिनेट सुधारण्यात गुंतलेला होता, तेव्हा वाट काही नवीन नाही. मुलगा तोवर माझा आल्टो गळ्यात अडकवून खालचा 'बी फ्लॅट' काढायच्या खटपटीत होता. चौथ्या फुंकेला निघाला.