चामखिळीवरचं 'रेडिएशन' आणि माझे २८,००० रुपये

माझ्या उजव्या तळपायाला, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, तीन चामखिळी होत्या. वर्षभर मी त्यांना कुरूपच समजत होते. सक्करदऱ्यात माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम आहे. दिवसभर त्याच पायाने पायडल दाबायचं, म्हणून घट्टा पडला असेल असं वाटलं. शेवटी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, स्किन ओपीडीत दाखवलं. डॉक्टरांनी वरची जाड कातडी ब्लेडने खरवडली आणि आतले बारीक काळे ठिपके दाखवले. कुरुपात ते ठिपके नसतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. हा एचपीव्ही नावाचा विषाणू आहे, चिवट आहे, वेळ लागेल, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सॅलिसिलिक ॲसिडचं औषध लावलं, मग लिक्विड नायट्रोजनने तीनदा गोठवून घेतल्या. प्रत्येक वेळी वाटायचं गेल्या, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा टोचायला लागायच्या. दिवाळीची शिलाई तोंडावर आली होती. चौथ्यांदा जायचा मला कंटाळा आला.

त्यातच एका गिऱ्हाइकाने धंतोलीकडच्या एका क्लिनिकचं नाव सांगितलं. 'लो डोस रेडिएशन, चामखीळ मुळासकट बंद', असा बोर्ड. आतल्या माणसाने जर्मन मशीन, कापाकापी नाही, पुन्हा येणार नाही, असं सगळं भराभर सांगितलं. एका सिटिंगचे ३,५०० रुपये, आठ सिटिंग. पहिल्या दिवशी १५,००० भरले, तिसऱ्या सिटिंगनंतर उरलेले १३,०००. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा क्लिनिकचं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी ते वाचलं आणि तरीही पिन टाकला.

मशीन म्हणजे पांढऱ्या स्टँडवर गोल डोकं, त्यातून लाल उजेड आणि गरम शेक. ॲप्रन घातलेली मुलगी एका हाताने माझी टाच धरायची, दुसऱ्या हातात तिचा मोबाइल. "काकू, हलू नका, रेडिएशन सुरू आहे." दहा मिनिटांनी लाइट बंद. मग लेबल नसलेल्या पांढऱ्या डबीतून मलम काढून ती जाडसर थर द्यायची आणि पट्टी बांधायची. वास ओळखीचा वाटायचा, पण लक्षात येत नव्हतं. पाचव्या सिटिंगनंतर आजूबाजूची चांगली कातडी पांढरी पडून सोलली आणि फोड आला. "रोग बाहेर पडून राहिला काकू," असं मला सांगण्यात आलं.

माझे डोळे उघडले ते दुसऱ्याच दवाखान्यात. माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाच्या कॅन्सरनंतर रेडिएशन लागलं होतं. एके दिवशी त्यांच्यासोबत मी गेले. त्यांच्या अंगावर आधीच मापं घेऊन खुणा केलेल्या होत्या. दोघा टेक्निशियननी त्यांना टेबलावर नीट निजवलं, खुणा जुळवल्या, आणि दोघंही बाहेर आले. जाडजूड दार सरकून बंद झालं, वर लाल दिवा लागला. आत जाऊबाई एकट्या. बाहेर स्क्रीनवर त्या दिसत होत्या. मी विचारलं, "आत कोणीच नाही थांबत?" टेक्निशियन म्हणाला, "बीम सुरू असताना पेशंटशिवाय कोणी नाही थांबत, ताई."

मला माझी टाच धरून उभी असलेली ती मुलगी आठवली. मी तिथल्याच बाकावर बसून राहिले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मूर्खात काढलं नाही, हे मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, हा उपचार कोणी हवेतून काढलेला नाही. मागच्या शतकात चामखिळीवर, डोक्यातल्या गजकर्णावर एक्स-रे देत असत. पुढे गजकर्णासाठी एक्स-रे घेतलेल्या मुलांमध्ये थायरॉइडच्या आणि मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या, म्हणून साध्या आजाराला रेडिएशन देताना हात आखडता घेतला जातो. ऑपरेशननंतर केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड वण, पुन्हा वाढू नये म्हणून आजही देतात. चामखिळीसाठी मात्र सगळे उपाय थकल्यावर, क्वचितच विचार होतो. आणि तेव्हाही रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे रेडिएशन देणारा कॅन्सरचा डॉक्टर लागतो, डोस काढायला मेडिकल फिजिसिस्ट लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो, आणि किती ग्रे दिले ते कागदावर लिहिलेलं असतं. ग्रे हे डोसचं माप.

मी क्लिनिकमध्ये परत गेले आणि तेवढंच विचारलं. किती ग्रे दिले? "ते मशीन आपोआप सेट करते." एईआरबीचा परवाना? "रिन्यूअलला गेला." डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक? यावर तो माणूस उठून आत गेला. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर 'स्किन थेरपी' लिहून दिलं, शिक्का नाही, रक्कम नाही. एवढा मोठा शब्द बोर्डावर आणि कागदावर त्याचा मागमूस नाही.

मेडिकलमध्ये पुन्हा पाय दाखवला. फोड शेकाने भाजल्याचा होता. सोललेली कातडी बघून ते मलम कडक सॅलिसिलिक ॲसिडचं असावं, असं डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा वास आठवला. माझ्या घरात पडलेल्या त्याच औषधाचा.

पैसे अजून मिळालेले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि तो कोरा कागद जोडला आहे. तुमच्याकडे यातलं काही असेल तर पुसू नका.

पैशांपेक्षा मला दुसरीच काळजी आहे. तिथे मंगळवारी उमरेडकडून एक आजोबा यायचे, शुगरचे पेशंट. पट्टी सोडताना म्हणायचे, "मले तं काहीच जाणवत नाही नं पोरी, भाजलं तरी." तेव्हा मला ते धीट वाटले होते. शुगरमुळे पायाची संवेदना जाते आणि अशा पायावर हा शेक आणि हे ॲसिड किती धोक्याचं आहे, हे मला नंतर कळलं. त्यांचा नंबर मी घेतला नव्हता. मागचे दोन मंगळवार मी त्या जिन्याखाली जाऊन थांबले, ते आले नाहीत. पांढरा पायजमा, टोपी, डाव्या पायाला पट्टी. कोणाच्या घरचे असतील, ओळखीचे असतील, तर त्यांचा पाय आजच शुगरच्या डॉक्टरांना दाखवा.