कोरल फ्रॅगसाठी उथळ टाकी: टब, काच की आहे त्या टाकीला जोड?

फ्रॅग, म्हणजे समुद्री कोरलचा (प्रवाळाचा) कापलेला छोटा तुकडा, वाढवायला उथळ टाकी का घ्यायची, हे नीट कळलं की कोणती घ्यायची हा प्रश्न अर्धा सुटतो. पाणी २० ते ३० सेंटीमीटर खोल असलं की उजेडाला फार खाली पोचावं लागत नाही, त्यामुळे कमी ताकदीच्या दिव्यावर भागतं. कोपर न भिजवता प्रत्येक तुकडा उचलता येतो, उलटून बघता येतो, प्लगवरचं (तुकडा चिकटवायच्या, दांडा असलेल्या छोट्या चकतीवरचं) शेवाळ मऊ टूथब्रशने काढता येतं. शिवाय वरून बघितल्यावर कोरलचा जो रंग दिसतो, तो समोरच्या काचेतून दिसत नाही.

अडचणही या उथळपणातूनच येते. पुढे सगळीकडे एकच माप धरतो: ९० बाय ४५ सेंटीमीटरचा तळ आणि २० सेंटीमीटर पाणी, म्हणजे ८१ लिटर. या टाकीची पातळी १ सेंटीमीटर उतरली की ४ लिटर पाणी उडालेलं असतं. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. ३५ चा खारटपणा (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) तेवढ्याने ३६.८ वर जातो. एक सेंटीमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. जाता-येता ते लक्षातही येत नाही, पण कोरलला मात्र कळतं. मोंटिपोरा या दगडी कोरलच्या तुकड्याला प्लगवर पसरताना एक फिकट, पांढरट कड असते. खारटपणा किंवा अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) वरखाली होऊ लागली की सर्वात आधी ती कड मंदावते, तपकिरी पडते. मी रोज सकाळी पहिल्यांदा तीच बघतो.

म्हणून कमी खर्चात टाकी निवडताना मी आधी एकूण पाणी किती राहणार ते बघतो, भिंती कशाच्या ते नंतर.

सर्वात कमी खर्चाचा मार्ग प्लास्टिकच्या टबचा. खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचा, सपाट तळाचा, जाड भिंतीचा टब चांगलं काम देतो. पांढरा असेल तर आतून उजेड परततो आणि तुकड्यांच्या बाजूही थोड्या उजळतात. मात्र पाणी भरलं की लांब बाजू पोटासारखी फुगते, म्हणून भोवती लाकडी चौकट हवीच. पाइपासाठी भोक पाडाल ती जागा अगदी सपाट असावी. उभ्या पट्ट्या असलेल्या भिंतीवर फिटिंगचं रबर नीट बसत नाही आणि तिथून थेंब थेंब गळत राहतं. रसायनं किंवा रंग ठेवलेला जुना टब कितीही धुतला तरी वापरू नका. टबात समोरून काहीच दिसत नाही, आणि ओरखडा एकदा पडला की त्यात शेवाळ घर करतं. पण ज्याला तुकडे वाढवायचेच आहेत, दिवाणखान्यात मांडायचे नाहीत, त्याला यात काही कमी पडत नाही.

काचेची टाकी महाग पडते, पण तिचा तळ ब्लेडने खरवडता येतो आणि चुंबकाचा ब्रश चालतो. वाळू न घालता तळ उघडा ठेवला की साचलेला गाळ नळीने ओढून पाच मिनिटांत काढता येतो. भोक पाडायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा: काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का? टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. माझ्या पहिल्या टाकीचा तळ विक्रेत्याने साध्या काचेचा सांगितला होता. ड्रिल लावल्यावर दोन सेकंदांत ओंजळभर खडे हातात आले. तेव्हापासून टाकी बनवून घेताना भोकं आधीच पाडून घेतो.

काचेतच मागे कप्पा असलेली तयार टाकीही मिळते. पंप, हीटर, फिल्टर सगळं त्या कप्प्यात जातं, खाली सम्प (पंप-फिल्टर ठेवायची दुसरी टाकी) लागत नाही. जागा कमी असेल तर ही सोय मोठी वाटते. पण तो कप्पा टाकीच्याच लांबी-रुंदीतून कापलेला असतो, म्हणजे तुकडे ठेवायची जागा घटते आणि पाणी जराही वाढत नाही. फ्रॅगसाठी मी हा पर्याय शेवटी ठेवेन. अ‍ॅक्रिलिकबद्दल एवढंच, की ते हलकं आणि भोक पाडायला सोपं, पण कोरलाइन शेवाळ (चुन्यासारखं घट्ट बसणारं) खरवडताना त्यावर चरे उठतात.

टब असो की काच, स्वतंत्र मांडणीत खाली सम्प जोडावा असं माझं ठाम मत आहे. वर ८१ लिटर आणि खाली ८० लिटर असेल तर ते ४ लिटर उडाल्यावर खारटपणा ३५.९ पर्यंतच जातो. दुसरा फायदा जास्त मोलाचा. वरच्या टाकीत पातळी ओव्हरफ्लोला (जास्तीचं पाणी खाली सोडणाऱ्या तोंडाशी) कायम राहते आणि सगळी घट सम्पमधल्या पंपाच्या अरुंद कप्प्यात दिसते. तो कप्पा २० बाय ३० सेंटीमीटरचा असेल तर ४ लिटर म्हणजे साडेसहा सेंटीमीटरहून जास्त घट. तिथे साधा फ्लोट स्विचही वेळेवर चालू होतो आणि बिनमिठाचं आर.ओ. पाणी भरतो. हीटरही सम्पमध्येच ठेवा. पंप बंद पडून उथळ टाकीत पातळी थोडी उतरली तरी तो उघडा पडून जळू शकतो.

आता तिसरा मार्ग. तुमच्याकडे सम्प असलेली खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आधीच नीट चालू असेल, तर तिलाच उथळ टाकी जोडणं सर्वात शहाणपणाचं. परतीच्या पंपाच्या पाइपला एक टी (तीन तोंडांचा जोड), एक व्हॉल्व्ह, आणि ओव्हरफ्लोचं पाणी पुन्हा सम्पमध्ये. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, पाणी भरणारं यंत्र, कॅल्शियम-अल्कलिनिटीचे डोस, काहीच दुसऱ्यांदा घ्यावं लागत नाही. तीन-सहा आठवडे सायकल होण्याची, म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढण्याची, वाटही बघावी लागत नाही. अट एकच: उथळ टाकीची पातळी सम्पच्या पातळीहून वर हवी, पाणी उतारानेच परत आलं पाहिजे.

याचा मोठा तोटा म्हणजे किडी. एका टाकीत आलेला चपटा कृमी, झोअँथिड (बटणासारखं मऊ कोरल) खाणारी न्युडिब्रँक ही समुद्री गोगलगाय किंवा आयप्टेशिया हे भराभर पसरणारं समुद्रफूल दुसरीतही पोचतं, आणि औषध एकीलाच देता येत नाही. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी कोरलवरच्या चपट्या कृमीची अंडी डिपने (औषधी पाण्यात बुडवून) मरत नाहीत, म्हणून आलेला तुकडा जुन्या प्लगवरून काढून नव्यावर चिकटवावा आणि काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. बाहेरून वरचेवर तुकडे आणणार असाल, देवाणघेवाण करणार असाल, तर स्वतंत्र मांडणीच बरी. आणि तुकडे घ्यायचे ते टाकीत वाढवलेलेच. सगळे दगडी कोरल वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत; समुद्रातला खडक न तोडता कोरल मिळावं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

भिंतींवर वाचलेले पैसे दिव्यावर घाला. टी-फाइव्ह नळ्या (बारीक ट्यूबलाइट) लांबभर सारखा उजेड देतात, कोपऱ्यातला तुकडाही उपाशी राहत नाही. पण वर्षाच्या आत-बाहेर त्या बदलाव्या लागतात. स्वस्त एलईडी पेटी वीज कमी खाते, पण मधोमध उजेडाचा डोंगर आणि कडेला सावली. उथळ टाकीत ती थोडी उंच टांगा आणि मधल्या भागात उजेड जास्त हवा असलेले तुकडे ठेवा. मऊ कोरलना आणि बऱ्याच मोठ्या पॉलिपवाल्यांना (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक जीव) ५० ते १५० पार (कोरलला उपयोगी उजेडाचं माप) पुरतो, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० हवा. पार मीटर एक दिवस उसना मिळाला तरी काम होतं.

वेव्हमेकर (टाकीतलं पाणी खेळतं ठेवणारा पंप) निवडताना पाण्याची खोली बघा. गोल तोंडाचा पंप वरच्या थराला भोवरा करून हवा ओढतो आणि बुडबुडे तुकड्यांवर बसतात. आडवा, जायर पद्धतीचा पंप पाण्याचा लांब पातळ पट्टा सोडतो, उथळ टाकीला तो छान जुळतो. रॅकसाठी छतातल्या ट्यूबलाइटखाली असते ती चौकोनी प्लास्टिकची जाळी कापून वापरा. प्लगचा दांडा तिच्या घरात बसतो.

काहीही निवडलंत तरी मीठ घालण्याआधी साध्या पाण्याने मांडणी पूर्ण चालवा आणि मग पंप बंद करा. वरची पातळी २ सेंटीमीटर उतरली तर ८ लिटर खाली येणार. ते सम्पमध्ये मावतात का ते बघा, आणि मावत असतील तर पंप पुन्हा चालू करून सम्पमध्ये जी पातळी दिसेल तिथे मार्करने रेघ मारा. रोजचं पाणी त्या रेघेच्या वर कधी भरू नका.