तैलरंगात फळे आणि काच: एका रेकॉर्डेड अभ्यासक्रमाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

फळे आणि काचेच्या वस्तूंचे स्थिरचित्र तैलरंगात रंगवायला शिकवणारा एक रेकॉर्डेड अभ्यासक्रम मी गेले अनेक महिने नियमित वापरत आहे. सुरुवातीलाच दिलेला अभिप्राय कुणाच्या फारसा उपयोगी पडला नसता, कारण तैलरंगाचा एकेक थर वाळायला वेळ लागतो आणि शिकवणीचा खरा कस दुसऱ्या-तिसऱ्या थरात लागतो.

काचेवरचे धडे हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. शिक्षक पेल्याची बाह्यरेषा आधी काढूच देत नाहीत. मागची भिंत, टेबलाची कड आणि शेजारचे फळ रंगवून झाल्यावर ते पेल्याच्या आत हेच सारे कुठे गडद होते, कुठे वाकते आणि कुठे तुटते, एवढेच पाहायला लावतात. पाण्याने भरलेला गोल पेला भिंगासारखे काम करतो, त्यामुळे त्याच्या अगदी मागे ठेवलेले लिंबू आडवे फुगलेले दिसते आणि तेच पुरेसे दूर सरकवले की त्याची डावी-उजवी बाजू उलटते. हे पाठात दाखवले आहेच, पण प्रत्यक्ष मांडणीत लिंबू हळूहळू मागे नेत पाहिल्यावर त्याचा जो उलगडा होतो, तो पडद्यावर पाहून होत नाही. पेल्याच्या सावलीचाही स्वतंत्र धडा आहे. ती एकसारखी काळपट नसते, पाण्यातून एकवटलेल्या प्रकाशाचा उजळ पट्टा तिच्या मधोमध पडतो, आणि तो पट्टा योग्य टोनमध्ये, म्हणजे योग्य उजळ-गडदपणात, उतरला की काचेचा पारदर्शकपणा निम्मा तिथेच साधतो. हायलाइट, म्हणजे काचेवरचे सर्वांत उजळ चमकते ठिपके, सर्वांत शेवटी आणि अगदी मोजके ठेवावेत, हा आग्रह मला पूर्णपणे पटला.

सुरुवातीचे पाठ केवळ बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात आणि पांढऱ्या रंगात आहेत. काहींना ते कंटाळवाणे वाटतील, पण माझ्या मते ते वगळू नयेत. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो आणि खालच्या थरासाठी सोयीचा ठरतो. शिवाय रंगाचा मोह नसल्याने नजर छायाप्रकाशावर टिकते. 17व्या शतकात हार्लेमच्या पीटर क्लास आणि विलेम क्लास हेडा या डच चित्रकारांनी करड्या-तपकिरी छटांच्या लहानशा पल्ल्यात काच, धातू आणि लिंबू किती वेगवेगळे दाखवले, हे हेडाचे अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील 1635 चे चित्र या पाठांनंतर पाहिले तर नीट लक्षात येते.

फळांचे धडे चांगले आहेत, पण तितके खोल नाहीत. कापलेले लिंबू लवकर सुकते, म्हणून त्याचा गर आधी आणि अखंड सफरचंद नंतर रंगवावे, हा क्रम व्यवहारी आहे. काळ्या द्राक्षांवरची धुरकट झाक मात्र फार घाईने उरकली आहे. खालचा गडद थर पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट निळसर राखाडी रंग विरळ ओढला तर ती साधते, हे मला पुष्कळ चाचपडून कळले.

माझी खरी तक्रार साहित्याच्या पाठाबद्दल आहे. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेलाचे प्रमाण जास्त असावे, हा नियम सांगितला आहे, पण त्याचे कारण दिलेले नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलतो. त्यावर कमी तेलाचा, लवकर ताठर होणारा थर दिला तर तो पुढे तडकू शकतो. एवढे दोन मिनिटांत सांगता आले असते. त्याहून गंभीर बाब म्हणजे तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दल एक शब्दही नाही. हेच ऑक्सिजन शोषणे उष्णता निर्माण करते, आणि चुरगाळून एकत्र टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. नवशिक्यांच्या अभ्यासक्रमात ही सूचना पहिल्याच पाठात असायला हवी होती.

ज्यांनी आधी थोडे रेखाटन केले आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम निःशंक घ्यावा. पेल्याचे तोंड आणि तळ यांचे लंबवर्तुळ ज्यांच्या हातून अजून नीट उतरत नाही, त्यांनी आधी काही आठवडे पेन्सिलीने तेवढाच सराव करावा. डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या पेल्याचा तळ तोंडापेक्षा अधिक गोल दिसतो, आणि हे प्रमाण चुकले तर पुढचे रंगकाम कितीही सुरेख झाले तरी पेला टेबलावर बसत नाही.